इंदूताई, बस आत येणार

इंदूताई, तुला जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि मी तुझ्यावर चिडलेली आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी प्रयत्न केला. तुझ्या दहाव्याला तुझ्या गावी, रिह्याला आले, तर बायका तुझं कौतुक करत बसलेल्या. किती शांत होती, किती सोशिक होती, कधी कुणाला दुखावलं नाही. मी इकडेतिकडे पाहिलं. म्हटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या दहाव्याला तर आले नाही ना? तू आणि शांत! ऑफिसात तू फोनवर बोलायला लागलीस की खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर खिडकी लावून घ्यायचा. मला हसू फुटलं आणि ते लपवायला मी ओढणी तोंडाला लावली. शेजारच्या मावशींना वाटलं, मला हुंदका आला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग तो खरोखरच आला.

आपण काय काम करायचो हे मला कधीच कुणाला नीट सांगता आलं नाही. स्टेशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गाडी येते. आपल्याला गाडीशी काही कर्तव्य नव्हतं. हिंजवडीकडून मुळशीच्या दिशेने येणारी ती छोटी मेट्रो, रस्त्याच्या कडेने जमिनीवरूनच धावणारी, तिचे रूळ दुसरे लोक टाकणार, डबे तिसरेच कुणी आणणार. आपल्या छोट्याशा ऑफिसाकडे होतं ते स्टेशनच्या पायाशी जे असतं ते. माणूस बसमधून उतरला की फलाटापर्यंत कुठून चालेल, भिजेल का, रस्ता ओलांडावा लागेल का, रिक्षा कुठे उभी राहील, गुडघे दुखणारी बाई कुठे टेकेल. मी हे सगळं आईला फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ती अमरावतीहून म्हणाली, "म्हणजे फुटपाथच ना वं?" मला राग आला होता. तू मात्र टाळी वाजवलीस. "तुझ्या आईला कळलं बघ," म्हणालीस, "साहेबांना अजून कळायचंय."

मी नोकरीला लागले त्या पहिल्या दिवशी मोठ्या उमेदीने कॉलेजातले माझे नकाशे घेऊन आले होते. तू त्यांच्याकडे पाहिलंही नाहीस. टेबलाखालून तांदळाची पिशवी काढलीस, माझ्या कमरेवर दिलीस, दुसऱ्या हातात उघडी छत्री दिलीस आणि म्हणालीस, आता जिना चढून दाखव. पुढे कळलं की नव्या माणसाची अशी परीक्षा तू प्रत्येकाचीच घ्यायचीस, साहेबांचीही घेतली होतीस. माझी छत्री दारात अडकली, पिशवी घसरली, कठडा धरायला हात उरला नाही. ऑफिसातले सगळे बाहेर येऊन बघत होते. जिना किती रुंद हवा हे मला पाच वर्षं शिकून कळलं नव्हतं, ते त्या दिवशी कळलं. मग पिशवी तू मलाच देऊन टाकलीस. तुझ्याच खाचरातला तांदूळ होता. हॉस्टेलवर शिजवायची सोय नाही असं मी म्हणाले, तर तू म्हणालीस, "मग रविवारी घरी ये."

त्या एका रविवारचे पुढे किती रविवार झाले!

भांडण सुरू झालं ते लवासाहून परत येताना. आठवतं ना? आपण दोघी तिथला तळ्याकाठचा रस्ता बघायला गेलो होतो. मी तर हरखूनच गेले होते. फरसबंदी, झाडं, पाण्याकडे तोंड करून बसायला जागा. मी म्हणाले, रिह्याच्या फाट्यावरच्या आपल्या स्टेशनला असं काहीतरी करू या, एक मोकळा चौक. तू सगळा काठ या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललीस, परत आलीस, आणि म्हणालीस, "लई झ्याक हाय. पन चालाया मानूस कुटाय?" ऑफिसात तू आमच्यासारखीच बोलायचीस. पण मनापासून बोलायला लागलीस की रिहे खोरं सुटायचं तुझ्या तोंडून. म्हणून मला तेव्हाच कळायला हवं होतं की हे प्रकरण लांबणार.

फाट्यावर आपल्या वाट्याला जागा आली होती ती रस्ता आणि ओढा यांच्यामधली एक चिंचोळी पट्टी. तुझं म्हणणं एकच होतं. रिह्याकडून, पौड-माल्याकडून येणारी बस रस्त्यावर थांबवायची नाही. ती वळून आत आली पाहिजे, फलाटाला खेटून उभी राहिली पाहिजे. इकडून उतरलं की तिकडे चढलं, मध्ये रस्ता नाही आणि डोक्यावर छप्पर. माझं म्हणणं होतं, लोकांना थोडं चालू दे की! पट्टीवर चौक करू, दोन वडपिंपळ लावू, कट्टे बांधू, भाजी विकणाऱ्या बायकांना सावली मिळेल. बस रस्त्यापलीकडे थांबेल, आपण सिग्नल देऊ.

"सिग्नल?" तू कमरेवर हात ठेवलेस. "खडीचा डंपर सिग्नलला इचारून चालतोय व्हय? आन् ए वऱ्हाडी, मानूस काय चौक बघाया येतोय? मानूस घरी जाया येतोय."

"घरी जाणारा माणूस बसत नाही कुठे?"

"घरी बसतोय."

शेवटी तू म्हणालीस, कागदावर भांडून काही निघायचं नाही, जमिनीवर काढू. कबड्डीचं मैदान आखायला आणतात ती फक्की तू पोत्याने आणलीस. सकाळच्या उन्हात आपण दोघींनी घमेली घेऊन अख्खं स्टेशन त्या पट्टीवर खऱ्या मापाने आखलं. फलाट, छपराचे खांब, बसचं वळण, आणि तू वळून बघत नसताना मी माझा चौक जरा ऐसपैस. दोघींच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. मग आपण समाधानाने पलीकडच्या टपरीवर चहा घ्यायला गेलो, आणि परत येतो तो काय, पट्टीवर जत्रा!

इंदूताई, माझी गोष्ट सोड, मी परगावची. पण तू रिह्यात वाढलेली बाई. आपल्या तालुक्यात मोकळ्या जमिनीवर पांढरी रेघ दिसली की एकतर प्लॉट पडलेत नाहीतर जमीन गेली, हे तुला ठाऊक नव्हतं का? सगळे आपापल्या परीने पेटले होते. पांढऱ्या मोठ्या गाडीतून उतरलेला एक एजंट, गळ्यात साखळी, डोळ्यांवर गॉगल, मलाच विचारत होता, "मॅडम, गुंठ्याला काय रेट खोललाय?" दोघंतिघं जण मोबाईलवर ओरडून कुणाला तरी बोलावत होते. आणि बसच्या वळणाच्या बरोबर मध्ये एक आजी फतकल मारून बसली होती. "माज्या जिमिनीतनं रेघ कुनी मारली? आदी मला गाडा, मग रेघ मारा!" तिची जमीन पार ओढ्यापलीकडे होती हे मागाहून कळलं. पण आखणी दिसली की बसून घ्यायचं, एवढं तिला पक्कं माहीत होतं.

मी घाबरून घमेलं पाठीमागे लपवलं. दुसरं कुणी असतं तर ओळखपत्र काढून समजावत बसलं असतं. तू सरळ आजीपुढे जाऊन उभी राहिलीस.

"आजी, जिमिनीला कुनी हात लावत न्हाई. उटा. तुमी आता एष्टीतनं उतरलाय. पल्याड गाडी हुबी हाय, ती धरायची तुमाला."

"कुटली गाडी?"

"ही काय, हितं." तू फक्कीच्या फलाटावर पाय आपटलास. "आन् तुमी हो, गॉगल! तुमची गाडी आना इकडं. तुमी डायवर."

आणि पुढच्या तासाभरात जे झालं ते आठवून मी आजही एकटीच हसते. एजंट खरोखर गाडी घेऊन आला आणि आपल्या रेषेवरून वळवायला लागला. वळेना. मागे घे, पुढे घे, परत मागे घे. घाम फुटला त्याला. लोक ओरडत होते, "चाक रेघंवर चाललंय! औट!" तू हात जोडून म्हणालीस, "ह्याची गाडी वळंना, मग बस काय वळंल," आणि तिथल्या तिथे पायाने जुनी रेघ पुसून वळण मोठं काढलंस. ते मोठं वळण माझ्या चौकातून गेलं. त्या दिवसापासून हिशेब साफ झाला. पट्टीवर एक तर बस मावणार, नाहीतर चौक. दोन्ही मावणार नव्हतं.

पण आजी! तिला तू बसमधून उतरवलंस, फलाटाकडे वळवलंस, आणि ती दोन पावलं चालून उरल्यासुरल्या चौकात, बाभळीच्या सावलीत जाऊन बसली. "आजी, गाडी सुटंल!" तू ओरडलीस. "सुटू दे," ती म्हणाली. "हितं बरं वाटतंय. दुसरी यीलच की." मी आनंदाने ओरडलेच. तुझ्याकडे पाहिलं, तर तू नाकावरची फक्की पुसत होतीस, आणि तुझ्या तोंडून एक शब्द आला नाही. इतक्या वर्षांत तू गप्प झालेली मी ती एकदाच पाहिली. म्हटलं, आता येईल शरण. कसली येतेस! दुसऱ्या दिवशी ऑफिसात पहिलं वाक्य, "आजीला काय, तिला कुठं कामावर जायचं होतं."

मग ते भांडण रविवारी तुझ्या घरी जेवायला यायला लागलं. भाताभोवती आपण दोघी आणि तुझे यजमान. मी त्यांना दाजी म्हणते, तर तूही माझ्यापाशी बोलताना त्यांना दाजीच म्हणायचीस. दाजी बिचारे कधी मध्ये पडले नाहीत. खेकड्याचा रस्सा ओरपायचे आणि हात धुवायला उठायचे. तांब्या म्हणजे फलाट, लिंबाच्या फोडी म्हणजे बस आणि मिठाची वाटी म्हणजे माझा चौक, असा डाव आपण मांडायचो. बोलता बोलता तू वाटी उचलून भातावर मीठ घ्यायचीस आणि ती परत जागेवर ठेवायचीसच नाहीस. मी म्हणायचे, चौक कुठे गेला? तू म्हणायचीस, बस येतीया, सरका. मला परत हिंजवडीला सोडायला तू फाट्यापर्यंत चालत यायचीस आणि वाटेत आपण पुन्हा सुरुवातीपासून भांडायचो.

मी तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. आठवड्याचे बाकीचे दिवस मी इथे कुणाशी बोलत नसे. हॉस्टेल सोडून फ्लॅटमध्ये आले तरी शेजारी कोण राहतं मला माहीत नव्हतं. सोसायटीत सगळेच कुठून कुठून आलेले, कानात इअरफोनची बोंडं घालून लिफ्टमध्ये उभे. नोकरी सोडून अमरावतीला परत जायचं मी कितीदा ठरवलं होतं. मग रविवार यायचा, आणि पुढच्या रविवारसाठी मला एखादा नवा मुद्दा सुचलेला असायचा. तो तुझ्या तोंडावर फेकल्याशिवाय जायचं कसं?

तू गेल्यावर दोन आठवड्यांनी साहेबांनी बैठक बोलावली. सगळे हळू आवाजात बोलत होते. साहेब म्हणाले, "मॅडम, फाट्याचं स्टेशन आता कायम करायचंय. इंदूबाईंचा बसचा आग्रह होता म्हणून आम्ही थांबलो होतो. खरं सांगायचं तर आम्हा सगळ्यांना तुमचा चौकच आवडतो. बस पलीकडे नेऊ. तुम्ही फक्त नकाशा बदलून द्या." वर म्हणाले, "आणि त्या चौकाला बाईंचं नाव देऊ."

पडद्यावर त्यांनी चित्रही आणलं होतं. झाडं, कट्टे, सावलीत बसलेल्या बायका. इतकी वर्षं माझ्या डोक्यात होता अगदी तसा चौक, आणि त्याच्या कडेला दगडावर तुझं नाव. ताई, खोटं कशाला बोलू, माझा जीव लागला त्या चित्राला. त्यांच्या मनात वाईट काहीच नव्हतं. बिचारे मला समजावत होते, सांत्वनच करत होते. मी हो म्हटलं असतं तर सगळ्यांनी डोळे पुसून चहा घेतला असता. नाही म्हणायला कुणीच नव्हतं. नाही म्हणणारी तूच होतीस.

मी चित्रात रस्ता शोधला. तो चित्राच्या कडेला होता, स्वच्छ, रिकामा, त्यावर एक सायकलवाला. आणि मला तुझी पकड आठवली. फाट्यावर रस्ता ओलांडताना तू दर रविवारी माझं मनगट धरायचीस. मी एवढी घोडी, मला लाज वाटायची, सोडवून घ्यायला बघायचे. तू सोडायची नाहीस. डंपर गेला, कंपनीची बस गेली, आणखी एक डंपर, आणि तू माझं मनगट आवळून उभी, तोंडाने चौकावर भांडण चालूच. एकदा मी विचारलं होतं, इतकं काय घाबरतेस? तू म्हणालीस, "शाळंत जाताना आमी समद्या पोरी अशाच वलांडायचो, येकमेकीला धरून. सवय हाय." एवढंच बोलली होतीस. पुढे काही मी विचारलं नाही आणि तू सांगितलं नाहीस.

"बस आत येईल," मी म्हणाले.

साहेबांना वाटलं, मी दुःखात आहे. "सावकाश विचार करा, मॅडम. चौक तुमचाच तर होता."

आणि मग माझं डोकं फिरलं. मी तापले की माझी अमरावती सुटते, तुला माहीतच आहे. "माहाच होता नं! मंग मीच सांगून राहिली नं! बस पलीकडे थांबवता अन् माणसानं काय उडत यावं का? थ्या बाईचं नाव दगडावर लिवता अन् तिच्याच गावच्या पोरींना डंपरखाली धाडता?" आणखी बरंच बोलले. आवाज बहुतेक त्या दातांच्या डॉक्टरपर्यंत गेला असावा. साहेब म्हणाले, "दोघींत काही फरक नाही." त्यांनी पडद्यावरचं चित्र बंद केलं आणि तुझा नकाशा लावायला सांगितला. तो मंजूर झाला, ताई. बस आत येणार. छप्पर बसच्या दारापासून फलाटापर्यंत अखंड, कुठे तुटक नाही. मी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं आणि आरशात बघून हसले. माझा चौक तू नसतानाही खाल्लास, म्हटलं. जिंकलीस. आणि मला इतका आनंद झाला होता की कुणाला सांगू असं झालं.

सांगायला माणूस एकच होता. रविवारी मी रिह्याला गेले. फाट्यावर उतरून एकटीने रस्ता ओलांडला. दाजी अंगणात पेंढा रचत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं, "दाजी, बस आत येणार. पास झालं."

दाजींनी हातातली पेंढी खाली ठेवली. चेहरा खुलला त्यांचा. मग म्हणाले, "आन् तुजा चौक?"

"चौक गेला."

"आरारा. गेला व्हय? तिला लई वाईट वाटलं आसतं."

"कुणाला?"

"तिलाच की. बस आत आली पायजे, त्यातनं ती हटनार न्हवती. पन चौकाचं हितं घरी तुजीच वकिली करायची. वऱ्हाडीचा चौक व्हाया पायजे, म्हातारी मानसं टेकतील, म्हनायची. ती आजी बाभळीखाली बसली, ते तर मला कितींदा सांगितलं आसंल."

"मग मला का नाही कधी म्हणाली?"

दाजींनी पेंढी परत उचलली, बघितली, पुन्हा ठेवली. "म्हनली आसती तर भांडान मिटलं आसतं. मग तू कशाला आली आसतीस? पोरीचं हितं कोनी न्हाई, भांडायला म्हनून यिती तर दोन घास खाऊन जाती, म्हनायची. मिटवायचं न्हाई, म्हनायची."

इंदूताई, मी तिथेच पेंढ्यावर बसले आणि मोठ्याने रडले. दहाव्याला रडले त्याहून किती तरी जास्त. लबाड बाई! इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुला सोडत नाहीये. रडताना इतकं बरं वाटत होतं म्हणून सांगू, पोट भरून जेवल्यासारखं. माझ्यावर या गावात कुणी इतका जीव लावला होता आणि मी त्या माणसाला दर रविवारी हट्टी, आडमुठी, कसली कसली म्हणून आले होते. तसं म्हणाले ते बरंच केलं. गप्प बसले असते तर तुला वाईट वाटलं असतं.

दाजींना रडणाऱ्या बाईपुढे काय करावं ते कळेना. ते दोनदा खाकरले. मग म्हणाले, "ते छप्पर दाव बरं मोबाईलवर." मी डोळे पुसत नकाशा उघडला. त्यांनी तो हात लांब करून पाहिला, जवळ घेऊन पाहिला.

"लई उच घेतलंय. पावसाची झड आत यील."

"दाजी, बसची उंची तेवढी असते. वर जागा नको?"

"आसू दे बसला. आमच्या खोऱ्यात पाऊस आडवा येतोय. बस तू, भात टाकतो. जेवताना सांगतो तुला."

त्यांचं चूक आहे, इंदूताई. छपराला बाजूने पडदी दिलेली आहे, थेंबही आत येणार नाही, नकाशावर चार बोटं खाली सरकवलं असतं तर त्यांना लगेच दिसली असती. मी सरकवलं नाही.